पानं उलटणारा

तिने फ्रेम पालथी घातली, मागच्या चारही खिट्या अंगठ्याने वर केल्या आणि फोटो काढून म्हाताऱ्याच्या टेबलावर जवळजवळ आपटला.

"इथे," काळ्या जागेवर बोट रोवून ती म्हणाली. "इथे माझे वडील होते."

म्हाताऱ्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. तीस वर्षं साहेबांचे फोटो डार्करूममध्ये हाताने छापले ते याने. साहेब म्हणजे ते नावाजलेले वृत्तछायाचित्रकार. गाणारे-वाजवणारे झाडून सगळे मोठे लोक त्यांनी टिपले, आणि त्यांच्या सहीचे प्रिंट लोक जिवापाड जमवतात. या फोटोत जगप्रसिद्ध पियानोवाला डोळे मिटून वाजवत होता. त्याच्या डाव्या अंगाला नुसता काळोख. खालच्या पांढऱ्या कडेवर पेन्सिलीने साहेबांची सही आणि आकडा, पंचवीसपैकी अकरावा.

"माझ्याच हातचा," म्हातारा म्हणाला. "काळा काय झकास उतरलाय, नाही?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. झकास म्हणे!

"काका, बावीस वर्षं माझ्या वडिलांनी त्या माणसाच्या बाजूला बसून पानं उलटली. तो वाजवणार, हे पान उलटणार. एकदाही चुकले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात हाच फोटो आला तेव्हा होते ना ते त्यात! आईने कात्रण जपलं होतं. आधी घड्यांवर फाटलं, मग त्याचा भुगा झाला."

म्हाताऱ्याच्या बोटांची टोकं फोटो धुवायच्या औषधांनी तपकिरी पडली होती. ती त्याने टेबलाखाली घेतली.

साहेबांचं पहिलं प्रदर्शन लागलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. बाबांनी कोटाला स्वतः इस्त्री केली, बूट पुसले, तिला बरोबर घेतलं. याच फोटोपुढे ते बराच वेळ उभे राहिले. "बाबा, तुम्ही कुठे?" असं तिने मोठ्याने विचारलं, तेव्हा आजूबाजूचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. "मी होय? मी पान उलटायला गेलो होतो," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले. घरी येऊन कोट काढला तो पुन्हा म्हणून घातला नाही. ते हसणं तिला आजही सहन होत नव्हतं.

घरचे फोटो होते त्यांचे. लग्नातला, हिला कडेवर घेतलेला, दाढी वाढलेला आजारपणातला. कामावरचा एकही नव्हता.

म्हणून ती हे प्रिंट घेत सुटली होती. हाताने छापलेले म्हणजे प्रत्येकात थोडा फरक राहणार, एखाद्यात तरी छापणाऱ्याचा हात कमी पडला असेल, बाबांची बाही तरी दिसेल. कवळ्या बनवायच्या कामात तिचा जन्म गेला होता. केसाएवढा फरक तिच्या नजरेतून सुटत नसे. हा चौथा. "एकच पियानोवाला चार भिंतींवर," नवरा म्हणायचा, "आता बसायला स्टूल तरी आण त्याच्यासाठी." चारही प्रिंट सारखेच काळे. इतके सारखे की तिला त्या सफाईचाच संताप यायचा.

"मला एक प्रिंट काढून द्या," ती म्हणाली. "बाबांसकट. त्यावर सही नको, आकडा नको, काही नको."

"निगेटिव्ह कुठाय ताई माझ्याकडे? साहेब गेल्यावर सगळी संग्रहालयाने नेली. तिजोरीत आहेत. मला आत सोडत नाहीत."

"मग संपलंच की!"

"साहेबच म्हणाले होते, मागचं काळं कर, लक्ष विचलित होतं."

"आणि तुम्ही केलंत."

"नोकर माणूस मी."

"पंचवीस वेळा! पंचवीस वेळा मूग गिळून बसलात? एकदा तरी म्हणायचं, साहेब, माणूस आहे तिथे."

म्हातारा उठला. तिला वाटलं, आता दार दाखवणार. पण तो कपाटाशी गेला, सगळ्यात खालचा खण ओढून काढला आणि एक पिवळा लखोटा घेऊन आला.

"छापताना कागदावर उजेड जास्त पडला की काळं होतं. म्हणून काळं करायचं म्हणजे तिथे जास्त उजेड द्यायचा," तो म्हणाला. "बाकीचा फोटो झाकायचा. त्याला पुठ्ठा लागतो. प्रत्येक फोटोचा वेगळा."

लखोट्यातून त्याने तळहाताएवढा पुठ्ठा काढला. मधे भोक होतं. तिने तो खिडकीकडे धरला.

पुढे काढलेला खांदा. जराशी तिरकी मान. लांबवलेला डावा हात, आणि टोकाला पान चिमटीत धरायला निघालेली दोन बोटं, सुटी सुटी.

तिने बोटांच्या कडेवरून नख फिरवलं, कुठे खरखर नाही. त्याचाही तिला रागच आला.

"बोटं कापताना दोन ब्लेडं मोडली," म्हातारा म्हणाला.

"एवढं बारीक बघितलंत त्यांना. आणि तरी पुसलंत?"

"बारीक बघितल्याशिवाय पुसता येत नाही, ताई."

तिने पुठ्ठा टेबलावर ठेवला, पर्समधून पेन्सिल काढली आणि त्याच्यापुढे सरकवली.

"सही करा."

"माझी? माझी सही कोण घेतंय?"

"तुम्ही केलंत ना हे? मग करा सही."

म्हाताऱ्याने पेन्सिल उचलली, खाली ठेवली, परत उचलली. भोकाच्या खाली त्याने सावकाश आपलं नाव लिहिलं, शाळेतल्या पोरासारखं, एकेक अक्षर सुटं. मग तिच्याकडे बघितलं.

"त्यांचं नाव काय होतं?"

तिने सांगितलं. त्याने तेही लिहिलं, आपल्या नावाच्या वर.

कोपऱ्यात कापडाखाली एन्लार्जर होता, वरून उजेड टाकून फोटो छापायचं यंत्र. कापड काढून त्याने खिडकीचा पडदा ओढला, तिचा फोटो यंत्राखाली मांडला आणि बटण दाबलं. पुठ्ठा तिच्या हातात दिला. "धरा."

तिने धरला. काळ्या जागेच्या जरा बाजूला उजेडाचा एक माणूस पडला, हात पुढे केलेला.

राग तसूभरही कमी झाला नव्हता.

"अजून डावीकडे," म्हातारा म्हणाला. "आणि दोन बोटं वर. ते तिथे बसायचे."