घरामागच्या विहिरी, पृ. ४७

“मॅडम, एका सत्तेचाळिसाव्या पानावर एवढं सगळं मावलं कसं?”

अकरावीतल्या त्या मुलीने तीन जुने शोधनिबंध टेबलावर ओळीने मांडले होते. तिन्हींच्या संदर्भसूचीत एकाच पुस्तकाखाली तिने पेन्सिलीने बारीक रेघ ओढली होती. एका ओळीवर ती कधी थांबत नसे, म्हणून वर्गात तिला ‘चौकशीची खिडकी’ म्हणत. शाळेच्या ग्रंथपालबाई एका उसवलेल्या पुस्तकाच्या कण्याला डिंक लावत होत्या. त्या रेघेकडे नजर गेली आणि त्यांच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

‘घरामागच्या विहिरी’, पृ. ४७.

मुलीचे म्हणणे सरळ होते. तिचा निबंध शहरातल्या जुन्या विहिरींवर होता आणि सोमवारी तो आंतरशालेय स्पर्धेसाठी जायचा होता. आधीच्या मुलांनी काय लिहिले ते पाहायला तिने कपाटातले निबंध काढले, तर एकात लिहिले होते की शहरात एकशे बारा विहिरी होत्या, दुसऱ्यात पाणी तीस फुटांवर लागत असे, आणि तिसऱ्यात तर सर्वांत जुन्या विहिरीच्या पोटात भुयार निघाले होते. आधार सगळ्यांचा एकच, पानही एकच. मग तिने पुस्तक शोधायला सुरुवात केली. शाळेचे ग्रंथालय झाले, शहराचे वाचनालय झाले, पाणीपुरवठा कार्यालयातल्या कारकुनाचे डोके खाऊन झाले. ते पुस्तक कोणी पाहिले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी ती शेवटी खुद्द ग्रंथपालबाईंकडे आली होती.

“भुयारसुद्धा त्याच पानावर, मॅडम?” तिने पुन्हा विचारले. तिच्या आवाजात थट्टा कमी आणि काळजी जास्त होती.

पुस्तक फार जुने आहे, आता मिळत नाही, एवढे म्हटले असते तरी काम भागले असते. शब्द बाईंच्या ओठांवर आलेही होते. अठ्ठावीस वर्षे त्यांनी नववी ते बारावीच्या मुलांना एकच गोष्ट शिकवली होती: वाक्य लिहिलेत तर ते कुठून आणले तेही लिहा. एका कार्डावर एकच माहिती, उजव्या कोपऱ्यात आधार. आधार नसेल तिथे त्यांच्या लाल पेनाने दोनच शब्द उमटत, ‘कोण म्हणतं?’ मुलांनी त्यांचे नाव आधारबाई ठेवले होते. मैदानावर कुणी म्हणाले की उद्या सुट्टी आहे, तर चार जण एकदम विचारत, “कोण म्हणतं?” बाईंच्या कानावर ते येई आणि त्या मनातून सुखावत.

त्यांनी ब्रश पाण्याच्या वाटीत ठेवला आणि मुलीला बसायला सांगितले.

“ते पुस्तक नाहीये.”

“म्हणजे हरवलं?”

“नाही गं. झालंच नाही.”

मुलीला काही कळेना. मग बाईंनी खणातून त्यांचे माहितीपत्रक काढले. ‘संदर्भ कसा द्यावा’ हे दोन पानी पत्रक त्या दर वर्षी मुलांना वाटत. पहिल्याच पानावर नमुन्याच्या सात नोंदी होत्या आणि पहिली नोंद तीच होती. मुलीच्या दप्तरातही ते पत्रक होते, पण नमुन्याच्या नोंदी तिने कधी वाचल्या नव्हत्या. लेखकाचे आडनाव बाईंच्या माहेरचे होते. शाळेत ते कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्यांचा धाकटा भाऊ पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायला जात असे. घरोघर फिरणे, मागच्या दाराने शिरणे, खाली वाकून आकडे टिपणे, असे त्याचे काम. मागच्या अंगणात गेला की तिथली बुजलेली, झाकलेली, फरशीखाली गेलेली विहीर त्याला दिसे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो तिच्याविषयी विचारी आणि खात्याने टाकून दिलेल्या वह्यांच्या कोऱ्या बाजूवर सगळे लिहून ठेवी. अशा बत्तीस वह्या झाल्या. एका रविवारी पहिले प्रकरण नीट कागदावर उतरवून तो बहिणीकडे घेऊन आला होता.

“ताई, तू लोकांच्या पोरांना शिकवतेस,” तो म्हणाला होता, “मलापण जरा वळण लाव की.”

तिने वळण लावले. अकरा पानांवर लाल पेनाने चाळीस वेळा ‘कोण म्हणतं?’ लिहिले. त्याचे आधार म्हणजे लोहाराची आई, धोब्याचा आंधळा काका, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी शिक्षिका. छापील कागद एकही नव्हता. त्याने पाने उलटून पाहिली, हसला, आणि म्हणाला, “अगं, तीच म्हणते. तिच्याशिवाय आता कोण म्हणणार?” त्यावर ताईने त्याला प्राथमिक आणि दुय्यम साधनांतला फरक समजावून सांगितला. तो मान डोलवत राहिला. पाने घडी करून खिशात घातली आणि पुन्हा कधी आणली नाहीत.

आपण जरा जास्तच बोललो, हे तिला नंतर जाणवले. त्याच वर्षी पत्रक तयार करताना नमुन्यादाखल पहिली नोंद तिने त्याच्या नावाने घातली आणि एक प्रत त्याला नेऊन दिली. बघ, तुझं पुस्तक यादीत लागलंसुद्धा, आता लिहून टाक, असे ती म्हणाली. त्याने विचारले, सत्तेचाळीसच का? तेवढी तरी पानं लिहिशील की नाही, असे तिचे उत्तर होते. तो खूप हसला होता. पुढे दोन वर्षांनी, कामावर असतानाच, एका घराच्या मागच्या पायरीवर बसल्या बसल्या तो गेला. त्याच्या पाकिटात ते पत्रक घडीच्या जागी फाटलेले सापडले.

“आणि वह्या?” मुलीने विचारले.

वहिनीने फोन केला होता. जागा बदलायची आहे, ताई, ह्या वह्यांचं काय करू? तेव्हा तपासणीचे दिवस होते, टेबलावर दीडशे निबंध होते. बाई म्हणाल्या होत्या, सुट्टी लागली की येते, तोवर ठेव. सुट्टी लागली तेव्हा वहिनी नव्या जागी गेली होती आणि वह्या रद्दीत गेल्या होत्या. वहिनीला बोल लावायला तोंड नव्हते. तिने विचारले तरी होते.

हे सगळे त्यांनी आजवर कुणापाशी बोलून दाखवले नव्हते. पण सगळ्यांत अवघड भाग अजून राहिला होता. त्यांनी ते तीन निबंध स्वतःकडे ओढले.

“ह्या मुलांनी नमुन्यातली ओळ तशीच उचलली. हा भुयाराचा निबंध सगळ्यांत आधी आला ना, तेव्हाच मला कळलं होतं. चौदा वर्षं झाली.”

“मग तुम्ही लाल केलं नाही?”

बाईंनी तो निबंध उघडला. भुयाराच्या वाक्याशेजारचा समास स्वच्छ होता.

“त्याचं नाव कुणीतरी लिहिलं होतं गं,” त्या म्हणाल्या. “खोडवेना.”

बाईंना वाटले, ही आता उठून जाईल आणि बाहेर जाऊन सांगेल, आणि त्यात तिचे काही चुकणार नाही. ज्याने ऐकल्यापलीकडे एक अक्षर लिहिले नाही, त्याच्या नावावर भुयारे खणली गेली आणि आधारबाई पाहत बसल्या. मुलीने मात्र पिशवीतून कोरे कार्ड काढले.

“त्यांनी लिहिलेलं काही आठवतं तुम्हाला?”

आठवत होते. ज्या ओळीवर लाल पेन चालवला ती ओळ माणूस विसरत नाही. बाई थांबत थांबत सांगू लागल्या. लोहाराच्या घरामागे विहीर होती, बावीस पायऱ्यांची. प्रत्येक पायरी डावीकडे जास्त झिजलेली, कारण उजव्या अंगाला कठडा नव्हता आणि भरली घागर घेऊन चढणाऱ्या बायका भिंतीला धरून चालत. लोहाराची आई सांगे, तिच्या सासूने पायऱ्या मोजून मुलांना वीसपर्यंत आकडे शिकवले, वरच्या दोन मात्र घाईत मोजायच्या राहून जात. एका वर्षी पाणी आटले तेव्हा तळाशी तीन घागरी आणि एक चष्मा सापडला. चष्म्याच्या मालकाचा शोध लागला नाही. एवढेच. आणखी पुष्कळ होते, पण ते त्यांनी तेव्हा नीट वाचले नव्हते. नुसते तपासले होते.

मुलीने दुसरे कार्ड घेतले, ते अर्धे भरले. मग पेन उजव्या कोपऱ्याशी आणून ती थांबली.

“त्याचं नाव लिही,” बाई म्हणाल्या.

“मॅडम, मी त्यांच्याकडून कुठे ऐकलंय?” ती हळू आवाजात म्हणाली. “ज्याच्याकडून ऐकलं त्याचं नाव द्यायचं. तुम्हीच शिकवलंत.”

तिने बाईंचे नाव लिहिले, पुढे ‘प्रत्यक्ष संभाषण’ आणि आजची तारीख. लोहाराची आई, तिने सांगितलेले ऐकणारा मीटरवाला, त्याचे वाचणारी बहीण ही सगळी साखळी तिने मजकुरात घालायचे कबूल केले. पण सूचीत त्याचे नाव येणार नव्हते. नियमाला धरून ते बरोबर होते. बाईंनी मान हलवली.

मुलगी जाताना तीनही निबंध कपाटात जागच्या जागी ठेवून गेली. बत्तीस वह्यांचे दीड कार्ड झाले होते.

बाईंनी संगणक सुरू केला आणि पत्रक उघडले. पहिली नोंद निवडली. मुलांच्या हाती ती पुन्हा जाऊ देणे शक्य नव्हते, हे त्यांना चौदा वर्षे ठाऊक होते. त्यांनी कळ दाबली. खालच्या सहा नोंदी एकेक पायरी वर सरकल्या, दुसरीचा आकडा आपोआप एक झाला, आणि पानावर मोकळी जागा कुठेच राहिली नाही.