खुर्च्या पास करणाऱ्या बाईसाहेब

त्या घरात मनातलं कोणी थेट बोलत नसे. जे काही अवघड असेल ते मांजराच्या नावावर सांगायचं, अशी पद्धत सासूबाईंनी पाडली होती आणि ती सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती.

मांजराचं नाव बाईसाहेब. रंग राखाडी, पोट पांढरं आणि तोरा असा, की घर त्यांच्या मालकीचं आणि बाकीचे भाडेकरू. पुढच्या खोलीत जुन्या खुर्च्या नि सोफे नव्याने मढवायचं दुकान होतं. मुलगा सांगाडे ठोकायचा, स्प्रिंगा बांधायचा. सून कापड बेतायची, शिवायची. सासूबाई खिडकीपाशी आपल्या आरामखुर्चीत बसून कापडी बटणं मढवायच्या आणि जगाचा समाचार घ्यायच्या. बाईसाहेबांचं खातं सगळ्यांत वरचं. तयार झालेली खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवायची. मग बाईसाहेब सावकाश येणार, चारी बाजूंनी हुंगणार, वर चढून पंजांनी गादी मळणार. तिथे वेटोळं करून झोपल्या तर खुर्ची पास. अर्ध्यातून उतरून गेल्या, तर भरण कुठेतरी चुकलंय असं समजून मुलगा निमूटपणे खिळे उपसायला घ्यायचा. पास न झालेली खुर्ची उंबऱ्याबाहेर जात नसे. गिऱ्हाइकं आत येतानाच विचारायची, "झाली का हो पास?"

सून या घरात आली तेव्हा तिला हे सगळं वेडगळ वाटलं होतं. ती मोकळेपणाने बोलणाऱ्या माणसांतली. मग एकदा तिने एका मोठ्या सोफ्याची मखमल बेतली आणि निम्मे तुकडे उलट्या लवेचे कापले. कापड चढवलं तेव्हा अर्धा सोफा उजळ आणि अर्धा काळवंडलेला. नवऱ्याने कपाळावर हात मारला. सासूबाई बटण मढवता मढवता म्हणाल्या, "बाईसाहेबांचं म्हणणं असं, की मांजराला उलटं कुरवाळलं तर ते चावतं. मखमल गरीब आहे बिचारी, ती नुसती तोंड काळं करते." मग उठून तिच्या शेजारी बसल्या, तिचा हात धरून कापडावरून फिरवला आणि लव कुठल्या बाजूला निजते ते तिच्या बोटांना शिकवलं. ओरडा खाल्ला असता तर सून तो विसरून गेली असती. हे ती विसरली नाही. त्या दिवसापासून ती सासूबाईंवर जी भाळली, ती भाळलीच.

आणि भाळावं अशीच ती बाई होती. नवरा-बायकोचं वाजलं, की खिडकीतून निरोप यायचा, "बाईसाहेब म्हणतात, मांजरं आधी भांडतात, मग जेवतात, मग झोपतात. माणसं भांडतात आणि उपाशी झोपतात. यात शहाणं कोण ते तुम्हीच ठरवा." मुलाने चहाची किटली लवंडली आणि ती वाटेत कोणी ठेवली म्हणून आरडाओरडा केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मांजर फुलदाणी पाडतं आणि तिथेच शांतपणे बसतं. माणूस फुलदाणी पाडतो आणि चौकशी समिती नेमतो." एक गिऱ्हाईक स्वतःच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगून गेलं. पाठ वळताच सासूबाई म्हणाल्या, "बाईसाहेबांना बघ, कौतुक करणाऱ्याकडे पाठ करून बसतात. म्हणून तर त्यांचं कौतुक संपत नाही." सून शिलाई मशीनवर डोकं टेकून हसायची. तिच्या माहेरी सगळे खरं बोलायचे, पण इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं.

मग एका रविवारी नणंद आली. सगळे तिला ताई म्हणायचे. ताई मनाची चांगली आणि हिशोबाची पक्की. आईचा खोकला वाढलेला तिने ऐकला, खोलीत तरंगणारे गादीत भरायच्या काथ्याचे बारीक तंतू बघितले आणि म्हणाली, "आई आता माझ्याकडे राहील. माझं घर तळमजल्यावर, हवा मोकळी, इथे दिवसभर ही धूळ! वहिनी, तुझं काय म्हणणं?"

सासूबाईंनी हातातलं बटण खाली ठेवलं. सुनेकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "बाईसाहेबांचं म्हणणं असं, की मांजराला माणसं सोडवतात, पण घर सोडवत नाही."

सुनेला कळलं. अगदी लख्ख कळलं. पण ताई समोर बसली होती. आता 'नका जाऊ' म्हटलं तर ताईला काय वाटेल? फुकटात बटणं मढवून मिळतात, म्हणून म्हातारीला धुळीत ठेवते? त्या विचाराने सून गारठली आणि तिने जन्मात केली नाही अशी चूक केली. तिने उत्तर मांजराला दिलं.

"तुम्ही निर्धास्त जा, आई," ती म्हणाली. "बाईसाहेबांचं मी बघेन."

सासूबाईंनी खाली ठेवलेलं बटण पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "बरं." पुढच्या रविवारी न्यायचं ठरलं. आरामखुर्चीही न्यायची होती. तिचं कापड विरलं होतं, ते तेवढ्यात नवं चढवून द्यायचं.

तो आठवडा फार वाईट गेला. सासूबाई नीट बोलत होत्या. मीठ कमी आहे, पाणी तापलंय, पाऊस येईलसं वाटतंय. पण बाईसाहेबांचं म्हणणं काही कानावर येईना. मुलाने मुद्दाम किटली लवंडून बघितली. सासूबाईंनी फडकं आणून दिलं आणि परत खिडकीशी जाऊन बसल्या. घराची जणू वाचा बसली होती.

सून आरामखुर्ची उघडून बसली. आतला जुना काथ्या सासूबाईंच्या बसण्याने एका बाजूला दबला होता, खिडकीकडच्या. तो तिने बदलला नाही. वर फोमचा पातळ थर टाकला, निळं जाड कापड लव बघून बेतलं, मन लावून शिवलं. इतकं देखणं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि तिला त्या खुर्चीचा राग येत होता.

शनिवारी खुर्ची मधोमध ठेवली. बाईसाहेब आल्या, हुंगून वर चढल्या, गादी मळली आणि सुखाने वेटोळं केलं. नवरा पाणी प्यायला आत गेला होता. सुनेने इकडेतिकडे बघितलं आणि बाईसाहेबांना उचलून खाली ठेवलं. बाईसाहेबांनी तिच्याकडे अशी नजर टाकली, की कोणी दुसरी असती तर माफी मागितली असती. त्या पुन्हा चढल्या. सुनेने पुन्हा उतरवलं. नवरा बाहेर आला तेव्हा ती साळसूदपणे दोरा ओवत होती.

"पास नाही झाली," ती म्हणाली. "उतरल्या बाईसाहेब. भरण चुकलंय बहुतेक. उद्या काही देता येणार नाही."

नवरा डोकं खाजवत पक्कड शोधायला निघाला.

"थांब रे," सासूबाई दारातून म्हणाल्या. त्या कधीपासून तिथे उभ्या होत्या कोण जाणे. "खिळे उपसू नकोस. बाईसाहेब दोनदा बसल्या. दोनदा हिने उठवल्या. मी बघितलं."

सुनेचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती चाचरत म्हणाली, "आई, बाईसाहेबांचं म्हणणं असं की..."

"मांजराचं राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी मांजराआड लपले, तर तू मांजरालाच उत्तर दिलंस. पुरे झालं ते. तू काय म्हणतेस ते सांग."

"नका जाऊ," सून म्हणाली आणि रडायला लागली. "काथ्याचं काम मी मागच्या अंगणात नेते. धूळ नाही राहणार. बटणं मढवू नका, काही करू नका. नुसत्या बसा इथे. तुम्ही नसलात तर या घरात बोलणार कोण?"

सासूबाई खुर्चीपाशी आल्या. हाताने गादी चाचपली, खिडकीकडची दबलेली बाजू त्यांच्या बोटांना लागली आणि तिथेच हात थांबला. "हे तसंच ठेवलंस होय," म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले. नवरा पक्कड हातात धरून दोघींकडे आळीपाळीने बघत होता. त्यालाही रडू येत होतं, पण आपण नेमकं कशाला रडायचं ते त्याला ठरवता येईना.

रविवारी ताई टेम्पो घेऊन आली. काथ्याचे ढीग मागच्या अंगणात गेले होते, पुढची खोली धुऊनपुसून लख्ख होती. खिडकीपाशी निळी आरामखुर्ची होती आणि तिच्यात बाईसाहेब पोट वर करून, चारी पाय पसरून घोरत पडल्या होत्या. सासूबाई शेजारी स्टुलावर बसून बटण मढवत होत्या.

"आई, अजून तयार नाहीस?"

"काय करणार गं," सासूबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "खुर्ची पास झाली नाही."

ताईने घोरणाऱ्या मांजराकडे बघितलं. मग वहिनीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे. मग स्वच्छ खोलीकडे. शेवटी ती याच घरात वाढलेली मुलगी होती. तिने बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला परत पाठवलं आणि आत येऊन जमिनीवर फतकल मारली.

"बाईसाहेबांना म्हणावं," ती म्हणाली, "अधूनमधून माझ्याकडेही येत जा खुर्च्या तपासायला. माझ्याही घरात एक रिकामी आहे."

सासूबाईंनी बटण बाजूला ठेवलं आणि लेकीला जवळ ओढलं.

"येईन," त्या म्हणाल्या. "मीच येईन."