भट्टीपाशी झोपणारा मुलगा

आई रागावली की कवळी काढून वाटीत ठेवते. मग ती जेवत नाही आणि बोलतही नाही. बोललीच तर आपल्याला एक शब्द कळत नाही, आणि कळू नये हाच तिचा हेतू असतो. कवळी मीच केलेली. तेवीस वर्षं मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करतो, त्यामुळे वाटीतल्या त्या दातांकडे बघून मला दोनदा लाज वाटते, एकदा मुलगा म्हणून आणि एकदा कारागीर म्हणून.

त्या मंगळवारी कवळी वाटीत गेली ती माझ्या भट्टीमुळे.

सहा वर्षांपूर्वी मी नर्सबाईकडे राहायला गेलो. ती डायलिसिस विभागात नर्स आहे, म्हणून मी तिला नर्सबाई म्हणतो आणि ती मला कवळीवाला. तिचं आधी एक लग्न झालं होतं आणि ते मोडायला कोर्टात सात वर्षं गेली होती. पुन्हा लग्नाच्या कागदावर सही करणार नाही, हे तिनं पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं. मला सही नको होती, नर्सबाई हवी होती, त्यामुळे आमचं जमलं. प्रश्न आईचा होता. तिला खरं सांगायची माझी छाती होईना. मी म्हणालो, "लॅबमध्ये नवी भट्टी आलीय. रात्रभर चालते. लक्ष ठेवायला कुणीतरी लागतं."

"किती दिवस?"

"बघू."

त्या ‘बघू’ची सहा वर्षं झाली. भट्टीला टायमर आहे, ती आपली आपण बंद होते. पण आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "माझा धाकटा भट्टीपाशी झोपतो हो!" दुपारी मी जेवायला आईकडेच यायचो. वहिनीला सगळं ठाऊक होतं. ती मुकाट्यानं वाढायची आणि भट्टीचा विषय निघाला की पाणी आणायला आत जायची.

मग नर्सबाईला परदेशी नोकरी लागली. लग्न न झालेल्या जोडीदारालाही व्हिसा मिळतो हे तिनंच शोधून काढलं. मुख्य अट म्हणजे दोन वर्षं एका घरात राहिल्याचा पुरावा. आम्ही हसलो. ते दोन मागतायत, आपल्याकडे तर सहा आहेत.

ते हसू व्हिसा केंद्राच्या खिडकीपर्यंत टिकलं. भाडेकरार तिच्या एकटीच्या नावावर, विजेचं बिलही तिच्याच. माझं बँकेचं पत्र, गॅस, मतदार यादी, सगळं आईच्या पत्त्यावर. दोघांचा फोटो एकच, हॉस्पिटलच्या कार्यक्रमातला, आणि आमच्या दोघांच्या मध्ये बारा माणसं. सहा वर्षं आम्ही स्वतःच्या संसाराचा माग पुसत राहिलो होतो, आणि ते काम नको तितकं चोख झालं होतं.

"कागदावर तर तुम्ही आईकडे राहता," खिडकीतली मुलगी म्हणाली.

मग मी पिशवीतून साचे काढून तिच्यासमोर मांडले. नर्सबाई झोपेत करकर दात खाते. दरवर्षी मी तिच्या दातांचं माप घेतो आणि झोपताना घालायची पट्टी करून देतो. प्लॅस्टरच्या साच्याच्या बुडाशी पेन्सिलीनं तारीख टाकायची ही आमच्या धंद्यातली सवय. गिऱ्हाइकांचे साचे वर्षभरानं फेकून देतो, तिचे सहाही ठेवलेत.

"बाई झोपेत दात खाते हे शेजारी झोपल्याशिवाय कळतं का?" मी विचारलं.

मुलगी साच्यांकडे बघत राहिली. "काका, हे मी स्कॅन कसं करू?" ती म्हणाली. पोरगी मात्र भली होती. आईचं घर कुणाच्या नावावर आहे, असं तिनं विचारलं. आईच्याच, मी म्हणालो. "मग त्यांच्या सहीचं पत्र आणा. तुम्ही तिथे कधीपासून राहत नाही आणि कुणाबरोबर राहता, तसं. शुक्रवारपर्यंत आणा."

शुक्रवार चुकला तर नर्सबाई एक तारखेला एकटी जाणार. आणि ती गेली की आम्ही एका घरात राहत नाही असंच कागद म्हणणार, आणि तेव्हा ते खोटंही नसणार.

बाहेर जिन्यावर ती म्हणाली, "लग्न केलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं."

"करायचंय?"

"नाही. खिडकीसाठी तर मुळीच नाही." दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "आणि तू आला नाहीस तरी मी जाणार आहे. आत्ताच सांगून ठेवते."

मला तिचा राग आला आणि तिचं पटलंही.

त्याच दुपारी जेवणानंतर मी आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, कवळी काढली आणि वाटीत टाकली. बुधवारी ती नुसत्या दुधावर राहिली. मी समोर बसलो की भिंतीकडे तोंड करायची. गुरुवारी वहिनी मला दारातच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बाईबरोबर राहता याचा राग नाही त्यांना. सहा वर्षं चारचौघींत भट्टीचे पोवाडे गायले, त्याचा आहे."

मी आत गेलो. साच्यांची पिशवी हातात होती, ती मी टेबलावर रिकामी केली. म्हणालो, "आई, ही ती."

ती भिंतीकडून वळली. मग तिनं एक साचा उचलला, उलटा केला, चष्मा लावून तारीख वाचली. दुसरा घेतला, तिसरा घेतला. सहाही तारखा वाचून झाल्यावर तिनं झिजलेल्या दाढांवरून अंगठा फिरवला. वाटी जवळ ओढली आणि कवळी तोंडात बसवली.

"झोपेत दात खाते ही."

"हो."

"मीपण खायचे. तुझे बाबा गेल्यावर. म्हणून तर सगळे दात लवकर गेले. मला नाही कुणी पट्टी करून दिली."

"तेव्हा मी शाळेत होतो, आई."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "सांग, काय लिहायचं ते."

वहिनी कागद-पेन घेऊन बसली. आई एकेक शब्द तोलून सांगू लागली, "माझा धाकटा मुलगा गेली सहा वर्षं माझ्या घरी राहत नाही." एवढ्यावर ती थांबली. वहिनीचं पेनही थांबलं.

"दुपारी जेवायला येतो, ते लिहायचं का?" आईनं मला विचारलं.

"नको आई. गोंधळ होईल."

"बरं. मग नको." तिनं पदरानं चष्मा पुसला. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण मी बसून राहिलो. "पुढे लिही. तो कुणाबरोबर राहतो ते लिही. आणि हे मला परवाच कळलं, तेही घाल. आता तरी खोटं नको."

तिनं सही केली. शुक्रवारी खिडकीतल्या मुलीनं ते पत्र दोनदा वाचलं आणि फायलीत लावलं. नर्सबाई ठरल्याप्रमाणे गेली. माझा व्हिसा त्यानंतर पाच आठवड्यांनी आला.

निघण्याआधी आईसाठी आणखी एक कवळी करून ठेवावी, असं माझ्या मनात होतं. माप घ्यायचं सामान घेऊन मी गेलो.

"हिरड्या झिजतात असं तूच सांगतोस ना? ही कधी सैल होईल?" तिनं विचारलं.

"होईल तीन-चार वर्षांत."

"आणि आज केलेली नवी?"

"तीपण तेव्हाच."

"मग कशाला करतोस?"

"ही पडली, फुटली तर?"

"मी काय आपटत बसते तिला? राहू दे. सैल झाली की कळवीन. मग ये आणि माप घे. तिलाही घेऊन ये, तोंड तरी बघू दे. दात तेवढे बघून ठेवलेत."

वहिनी आतून म्हणाली, "अहो आई, त्यासाठी त्यांना एवढ्या लांबून कशाला बोलवायचं? इथेही कितीतरी डॉक्टर आहेत."

आईनं कवळी काढली आणि वाटीत ठेवली.