बंबाखालची बोटभर फट

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा बंब आहे. ज्या नळीत एके काळी जाळ घुमायचा, तिच्यात हल्ली घरातल्या छत्र्या उभ्या करतात. असो, छत्र्या बिचाऱ्या गरीब असतात. पण जाण्याआधी माझी एक गोष्ट ऐकून जा.

माझा जन्म रहिमतपूरचा. रसूलभाईंनी मला ठोकून ठोकून घडवलं. पोटात पाणी, मधोमध जळणाची नळी, नळीच्या तळाला जाळी, बाजूला तोटी आणि खाली बोटभर उंचीचे तीन पाय. दिवसभर पाणी भरून ठेवलं तरी थेंब गळला नाही, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

१९७४ सालच्या थंडीत मी उंब्रजला हंबीरराव हवालदारांच्या घरी आलो. हवालदार फौजेतून निवृत्त झालेले, मुलगा कृष्णात अजून फौजेत. सुट्टीवर आला असताना त्याने बायकोचे, शालूबाईचे, धुराने लाल झालेले डोळे पाहिले. घरातल्या नऊ माणसांच्या अंघोळीचं पाणी ती चुलीवर तापवायची. परत जाताना तो रसूलभाईंना माझं काम सांगून गेला.

मी आलो तेव्हा शालूबाईला काय आनंद झाला म्हणून सांगू! हळदकुंकू लावलं, ओवाळलं आणि दुसऱ्या दिवसापासून चुलीबरोबर मलाही पोतेरं द्यायला लागली. शेणमातीनं माझे पाय चारी बाजूंनी असे लिंपले की मुंगीला वाट राहिली नाही. राख दिसू नये, विंचूकाटा शिरू नये, एवढाच तिचा विचार. पण मित्रांनो, मला वारा लागतो तो खालूनच! रसूलभाईंना वाटलं होतं, एवढं काय सांगायचं?

झालं! माझा श्वास कोंडला. जाळ धरेना, धुराचे लोट उठले आणि पाणी जेमतेम कोमट झालं.

"जळण वलं हाय," हवालदार म्हणाले. वाळक्या तुरकाट्या आणल्या. धूर तसाच. मग सासू दगडाबाईंनी माझी दृष्ट काढली आणि मीठमिरच्या माझ्याच नळीत टाकल्या. सगळं घर खोकत अंगणात आलं.

"ह्यापरीस माझी चूल काय वाईट हुती?" दगडाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

शालूबाई मात्र रोज सकाळी आणखी मायेनं लिंपायची. अगं बाई, पुरे तुझी माया, असं ओरडावंसं वाटायचं. पण बोलणार कसा?

शेवटी रसूलभाईंना बोलावलं. त्यांनी मला उचलून अंगणात ठेवलं आणि पेटवलं. उचलतानाच पायांची वाळकी माती गळून पडली होती. कपातला चहा संपायच्या आत मी खदखदायला लागलो.

"हवालदार, बंबात खोट न्हाई. असली तर हातोडा खाली ठेवतो."

"मग घरात का रुसतोय ह्यो?" हवालदारांनी विचारलं. रसूलभाईंनी माझी जाळी, तोटी पुन्हा चाचपली, पण खोट सापडली नाही. मला जागेवर ठेवून ते गेले.

नेमकी त्याच दिवशी शालूबाई बाजूला बसली. तेव्हा तशी रीत होती. चार दिवस परसाकडच्या पडवीत पोत्यावर बसायचं, कशाला शिवायचं नाही. दगडाबाईंचे गुडघे दुखायचे, त्यामुळे मला लिंपायला कोणी नव्हतं. चारही दिवस मी झकास तापलो. माझी हीच हुशारी शालूबाईच्या मुळावर आली.

"बघितलंसा?" चौथ्या दिवशी दगडाबाई म्हणाल्या. "हिचा हात न्हाई तर बंब कसा गुणानं तापतोय! हिचा हातगुणच वंगाळ. उद्या हिनं पेटवल्यावर बिघडला, तर बंब मोडीत आन् ही म्हायेरी."

शालूबाईने पदर तोंडाला लावला. मोडीत जायची भीती मलाही होतीच, पण ते बोलणं मला जास्त लागलं. जिच्यासाठी मी आलो, तिलाच माझ्यापायी घर सुटायची वेळ आली होती.

ती पडवीत जमिनीवर बसलेली, म्हणून उघड्या दारातून माझं बूड तिच्या नजरेसमोर होतं. तिथे बोटभर लाल उजेड दिसत होता. तो तिने आधी कधी पाहिलाच नव्हता.

पाचव्या दिवशी गार पाण्यानं न्हाऊन तिने मला पेटवलं आणि सवयीनं मातीचा हात पुढे केला. तेवढ्यात जमिनीवरची एक वाळकी काडी माझ्या श्वासाबरोबर सरकत फटीत ओढली गेली. तिचा हात थांबला. तिने माती पुन्हा पाटीत टाकली. जरा वेळात मी खदखदलो.

दगडाबाई आल्या. बघतच राहिल्या.

"आत्याबाई, उद्या तुमी पेटवा," शालूबाई हळूच म्हणाली. "आन् पोतेरंबी तुमीच द्या. चांगलं गच्च."

दुसऱ्या दिवशी दगडाबाई गुडघे धरत बसल्या आणि मला गच्च लिंपलं. मग काय! धूर, खोकला आणि कोमट पाणी.

हवालदार मिशीत हसले. "काय गं, आता हातगुण कुनाचा?"

विळा घेऊन दगडाबाईंनी आपल्या हातानं माझ्या पायांची माती खरवडून काढली. मी भडकलो, पाणी उकळलं. पहिली बादली त्यांनी शालूबाईपुढे सरकवली.

"जा, आदी तू न्हा," त्या म्हणाल्या. "चुकलं माजं, पोरी."

त्या घरात सून सासूच्या आधी ऊन पाण्यानं न्हाली, ती त्याच दिवशी पहिल्यांदा.

मित्रांनो, वस्तूंना जपा, घासा, पुसा. पण आमची श्वासाची फट तेवढी बुजवू नका. आणि कुणाच्या हातगुणाला नाव ठेवण्याआधी, गुडघे दुखत असले तरी, एकदा खाली वाकून बघा.