काजळातला मोती

"डॉक्टर कापतो, महाराज काढतो! सुई नाही, टाका नाही, दवाखाना नाही!"

शुक्रवारी सकाळी दहालाच गंगाखेडच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. खेड्यापाड्यांतून एसटीनं, टमटमनं म्हातारी माणसं आली होती. मंचावर मोतीमहाराज बसले होते. अंगात रेशमी कफनी, मनगटावर भारी घड्याळ. समोरच्याच्या डोळ्यात ते करंगळीनं काजळ घालत, वरून तांब्यातलं तीर्थ सोडत आणि पांढरी पट्टी बांधत. पंधरा मिनिटं जप चाले. मग पट्टी सोडून डोळ्याच्या कोपऱ्यातून चिमटीनं एक पांढरट, बुळबुळीत मोती काढत. मधोमध काळा ठिपका.

"हा बघा मोतीबिंदू! किती बोटं, बाबा?"

"तीन!"

"बोला, मोतीमहाराज की जय!"

आणि महाराजांच्या डोक्यावर फलक कुणाचा? आमचाच. 'गोदामाई सेवा क्लब : मोफत नेत्र शस्त्रक्रिया शिबिरासाठी निधी संकलन.'

मी राजेश्री, या क्लबची सचिव. बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. दरवर्षी निधीसाठी आम्ही कधी ऑर्केस्ट्रा ठेवतो, कधी लकी ड्रॉ. यंदा आमचे अध्यक्ष, कापडाचे व्यापारी शिवप्रकाशभाऊ, यांनी महाराज आणले. "मॅडम, गर्दी आपोआप येते. पेटी भरली की शिबिर झालं. तो काय करतो याच्याशी आपल्याला काय करायचंय?" म्हणजे ऑपरेशनसाठी पैसे जमवायला आम्ही असा माणूस आणला, जो ऑपरेशन करूच नका म्हणतो! बैठकीत मी एकदा नको म्हटलं आणि मग सगळ्यांबरोबर गुपचूप चहा प्यायले. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

शिबिराची बस परभणीहून रविवारी सकाळी येणार होती, पण चाळीस नावं पक्की असतील तरच. आमच्याकडे बासष्ट होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तेवीस उरली. बाकीच्यांनी दुकानात येऊन नावं काढून घेतली. त्यात माझ्या शेजारच्या चन्नबसम्मा आज्जीही होत्या.

त्यांचा उजवा डोळा आधीच गेलेला. डावा तेवढा राहिला होता, आणि तपासणीत डॉक्टरांनी बजावलं होतं, मोतीबिंदू पिकलाय, आणखी थांबलात तर काचबिंदू होऊन हाही डोळा जाईल.

"राजू, माजं नाव काट. म्हाराजांनी काढला मोती."

"दिसतंय का, आज्जी?"

"लख्ख दिसायलंय," म्हणत त्या वळल्या आणि खुर्चीवर आदळल्या. "उद्यापरवा पुरं दिसंल म्हनले."

मोती त्यांनी कुंकवाच्या डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवला होता. महाराजांनी सांगितलं होतं, रोज पूजा करा, मनात शंका आली तर मोती आटेल.

शनिवारी सकाळी आज्जी डबी घेऊन रडत आल्या. "राजू, आटला गं मोती! म्या काय पाप केलं असंल?"

जन्मभर गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केलेली, कुणाच्या वाटेला न गेलेली ही बाई, आणि एका भामट्यानं तिला रात्रीतून पापी ठरवलं होतं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

डबीत वाळलेला पातळ पापुद्रा आणि त्यात एक काळा दाणा होता. तो मी काउंटरवरच्या पाण्याच्या ग्लासात टाकला. आज्जीचे डोळे पुसेपर्यंत दाणा फुगला. पांढरट, बुळबुळीत, मधोमध काळा ठिपका. शेजारच्या फालुद्याच्या गाड्यावर उन्हाळाभर मी तेच बघते. सब्जाचं बी!

करंगळीच्या काजळात बी चिकटवायचं, डोळ्यात सोडायचं, वरून पाणी घालून पट्टी बांधायची. पंधरा मिनिटांत डोळ्यातच मोती तयार. "आत्ताच जाऊन सगळ्यांना सांगते," मी म्हटलं.

"सांगून कोन ऐकनार, ताई?" मागून आवाज आला. मंडप घालणारा बजरंग दारात उभा होता. मळणी यंत्रात एक डोळा गेलेला, त्या जागी बसवलेला नकली डोळा तपासून घ्यायला तो माझ्याकडे येतो. ग्लासाकडे बघून तो हसला. "दावाय पायजे. माज्या ह्या डोळ्यातून काढंल का त्यो मोती?"

महाराजांचा कार्यक्रम शनिवारीही चालू होता. दुपारी बजरंग मंचावर महाराजांसमोर बसला. मी आज्जीला हाताला धरून पहिल्या रांगेत आणलं होतं, ग्लासही बरोबर होता. महाराजांनी काजळ घातलं, तीर्थ सोडलं, पट्टी बांधली. जप झाला. मोती निघाला.

"पंधरा वर्षांचा जुनाट मोतीबिंदू!" महाराज गरजले. "बोल बाळा, दिसतंय का आता?"

"ह्या डोळ्यानं? थांबा, त्यालाच इचारतो." बजरंगनं मान खाली घातली, बोटानं पापणी ओढली आणि डोळा काढून तळहातावर ठेवला. "म्हाराज, ह्यो कारखान्यात बनतोय. ह्याला मोतीबिंदू कवा झाला?"

पुढच्या दोन बाया किंचाळल्या. मागचे लोक बघायला खुर्च्यांवर चढले.

"हा कोण माणूस? याला वर कुणी सोडलं?" शिवप्रकाशभाऊ धावत आले.

"अध्यक्ष, ह्यो डोळा तुमीच दिलाय की! तुमच्या हापिसात फोटो हाय. तुमी धा जण म्होरं, आन् म्या त्या मोठ्या पुठ्ठ्याच्या चेकच्या मागं."

भाऊंनी वळून माझ्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर तो फोटो मीच काढला होता.

"ही नास्तिकांची चाल आहे! श्रद्धा नसेल तिथं—" महाराज उठू लागले.

"बसा खाली!" मी माईक ओढून घेतला. "करंगळी दाखवा. आणि ती काजळाची डबी उघडा."

डबी बजरंगनंच उघडली. काजळात दाणेच दाणे. मी चिमूटभर ग्लासात टाकले आणि ग्लास लोकांतून फिरवला. लोक एकमेकांच्या डोक्यावरून वाकून बघू लागले. मोतीच मोती!

"अन् बोटं कशी दिसली मग?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"वीतभर अंतरावर, भर उजेडात धरलेली बोटं मोतीबिंदू असला तरी बऱ्याच जणांना दिसतात," मी म्हटलं. "मोतीबिंदू डोळ्यावर बसलेला नसतो. बाहुलीच्या मागचं भिंगच गढूळ होतं. ते चिमटीनं निघत नाही, ऑपरेशननंच काढावं लागतं."

चन्नबसम्मा आज्जी उठल्या. चाचपडत मंचापाशी गेल्या आणि कुंकवाची डबी महाराजांच्या मांडीवर आपटली.

"मला पापी म्हनत व्हतास का रे भाड्या? माजा एकच डोळा ऱ्हायलाय, त्यो तुज्या बियाला न्हाई द्यायची म्या! राजू, लिही माजं नाव. पैलं लिही."

मी लिहिलं. त्यांच्यामागे रांग लागली. शिवप्रकाशभाऊंनी स्वतः स्टुलावर चढून फलक उतरवला, आणि पोलिसांत दिलेल्या तक्रारीवर माझ्याखाली त्यांचीही सही आहे. रविवारी बस आली तेव्हा यादीत चोपन्न नावं होती. उरलेले आठ जण आले नाहीत. 'महाराजांवर जळता तुम्ही,' असं त्यातल्या एकानं मला तोंडावर सांगितलं. त्याच्या घरी मी तीनदा जाऊन आले, चौथ्यांदाही जाणार आहे.

ऑपरेशन होऊन पट्टी सुटल्यावर आज्जी एकट्या, कुणाचा हात न धरता, रस्ता ओलांडून दुकानात आल्या. काउंटरवर त्यांनी सब्जाची पुडी ठेवली. "ही हितंच ऱ्हाऊ दे. जो म्हनंल चमत्कार झाला, त्याला फुगवून दाव."

पुडी आणि ग्लास अजून तिथंच आहेत. उद्या दुसरा कुणी महाराज येईल, वेगळ्या नावानं, वेगळ्या डबीनं, कदाचित आमच्यासारख्याच एखाद्या क्लबच्या फलकाखाली. त्याला हात जोडायच्या आधी विचारा, डबीत काय आहे? आणि उत्तर मिळेपर्यंत दुखरा डोळा डॉक्टरशिवाय कुणाच्या हाती देऊ नका.