डॉक्टरीणबाईंची पहाटेची स्वारी

दातांच्या डॉक्टरीणबाईंना शेहेचाळिसाव्या वर्षी घोड्यावर बसायचं खूळ लागलं. नवऱ्यानं आधी पोटभर हसून घेतलं आणि मग अट घातली, "खुशाल जा. पण एका जरी पेशंटची तक्रार आली, तर घोडा बंद!" दवाखान्याचं काउंटर तोच सांभाळायचा, तेव्हा तक्रार लपवायची सोय नव्हती. बाईंनी मुकाट्यानं मान डोलावली. तबेल्यातल्या एका तपकिरी घोडीवर त्यांचा असा जीव जडला होता, की तिच्यासाठी त्यांनी काहीही कबूल केलं असतं.

तबेल्याचा नियम कडक होता. ज्याला बसायचं, त्यानंच आधी घोड्याला खरारा करायचा आणि खूर साफ करायचे. त्यामुळे बाई पाचला तिथे हजर. घोडी बिचकू नये म्हणून मान थोपटत, लाडीगोडी लावत तिला एकेक पाय उचलायला लावायचा, मग फेरफटका, मग धावतपळत घरी, लेकीचा डबा, आंघोळ, आणि नऊच्या ठोक्याला दवाखाना. लेक म्हणायची, "आई, तुझ्या केसात गवत आहे." बाई म्हणायच्या, "असू दे."

बाईंचं हे खूळ एव्हाना सगळ्या पेशंटांना ठाऊक झालं होतं. एका मंगळवारी त्यातलेच एक निवृत्त न्यायाधीश दाढ दाखवायला आले. उभ्या जन्मात भल्याभल्यांना घाम फोडलेला माणूस, पण खुर्चीत बसला की थरथर कापायचा. बाईंची झोप अर्धवट झालेली. त्यांनी सवयीनं साहेबांची मान थोपटली.

"हो, हो... शहाणी गं माझी ती! पाय उचल बघू."

न्यायाधीशांनी निमूटपणे पाय उचलला.

बाईंची झोप खाडकन उडाली. मेले, असं त्या मनात म्हणाल्या. पुढचा अर्धा तास त्यांनी दाढेवरून नजर हलवली नाही. काम संपताच साहेब उठले आणि तडक काउंटरकडे गेले. बाई दाराआड उभ्या राहिल्या. उद्यापासून घोडीला कोण थोपटणार, या विचारानं त्यांना खरंच रडू येत होतं.

"तुमच्या मिसेसनी मला आज घोड्यासारखं वागवलं," साहेब म्हणाले.

नवऱ्यानं घसा साफ केला. "माफ करा, साहेब. आता हे प्रकार बंदच करतो."

"अहो, बंद काय करता! चाळीस वर्षं दातांच्या खुर्चीत बसतोय, आज पहिल्यांदा भीती वाटली नाही. यापुढे मला सकाळचीच वेळ द्या, त्या घोड्यावरून आल्या आल्या."

साहेब गेले. बाई दाराआडून बाहेर आल्या. नवरा वहीत डोकं खुपसून बसला होता.

"एकवीस वर्षांत मला कधी असं थोपटलं नाहीस," तो वर न बघताच म्हणाला.

बाईंना हसू आवरेना. "तू कधी पाय उचललास?"

त्यानं वही मिटली. मग हळूच म्हणाला, "किती वाजता उठावं लागतं गं?"