कमरपट्टा गळ्यात

आपोलेनाला गप्प बसवणं म्हणजे उकळत्या दुधावर झाकण ठेवून निर्धास्त होणं, असं बोस्कोवित्से गावच्या कागदी मॉडेल मंडळात सगळेच म्हणत. आणि त्या शनिवारी दुपारी तिला नेमकं तेच करायचं होतं. गप्प बसायचं होतं.

मंडळाचा नियमच तसा होता. ज्याने मॉडेल कागदावर रचलं त्याने ते बांधून दाखवायचं नाही. बांधणारा असा हवा, की ज्याने ते कधी पाहिलेलं नाही, त्याबद्दल काही ऐकलेलंही नाही. त्याच्या हातात छापलेले कागद, कात्री, सुरी आणि गोंद द्यायचा. चित्र नाही, सूचना नाहीत, फक्त प्रत्येक तुकड्यावर एक आकडा. एकापासून सुरुवात करायची आणि आकड्यांचं बोट धरून शेवटपर्यंत जायचं. रचणाऱ्याने समोर बसून बघायचं. त्याच्या तोंडून एक शब्द निघाला की चाचणी बाद, पुढच्या वर्षी या.

"पोरगं आपल्या घरी कागद कापत बसलेलं असतं," मंडळाचे अध्यक्ष हान्झलिककाका म्हणायचे, "तेव्हा तुम्ही काय त्याच्या टेबलाखाली लपून सांगणार आहात, की बाळा, ती कड आत दुमड?"

चाचणी पार पडली तर सोमवारी कागद छापखान्यात जाणार होते. मंडळ दर शरदात एकच नवं मॉडेल काढी आणि ते देशभरच्या स्वयंपाकघरांत, टेबलावर वर्तमानपत्र पसरून कापलं जाई. शाळेत जाणाऱ्या कुणाचं मॉडेल आजवर निघालं नव्हतं. आपोलेनाचं निघणार होतं. म्हणजे तिच्या मते ते निघाल्यातच जमा होतं.

तिच्या अंतराळयानाचं नाव पुश्टीक. पुश्टीक म्हणजे रानघुबड, कारण हे यान जिथे कुठलाच सूर्य पोचत नाही अशा अंधारात जाणारं होतं. पुढे घुबडासारखं बोथट डोकं, खांद्यांवर दोन आखूड पंख, शेपटीला घागऱ्यासारखं फुललेलं इंजिन, आणि कमरेला एक फिरतं कडं. माणसं राहायची ती त्या कड्यात. आपोलेनाने कड्याची एकूण एक खिडकी पिवळी रंगवली होती, आणि एका खिडकीत मांजर बसवलं होतं.

बांधायला बसल्या होत्या डॉक्टर श्पाचकोव्हा. त्या दातांच्या डॉक्टर. गावात त्यांच्याइतका स्थिर हात कुणाचा नव्हता. शिवाय गेले कित्येक महिने त्या ब्र्नोला मुलीकडे होत्या, म्हणून आपोलेनाच्या तावडीतून सुटलेल्या.

"नाव काय म्हणालीस? आपोलेना?" चष्मा चढवत त्या म्हणाल्या. "दातदुखीवाल्यांची संत. मग तर तू माझ्या धंद्यातलीच. फक्त एवढं लक्षात ठेव, माझ्यासमोर लोक तोंड उघडून बसतात. तू मिटून बस."

मागे बसलेली मंडळी हसली. आपोलेनाही हसली, पण ओठ न उघडता.

सुरुवात तर अशी झाली की बघत राहावं. बाईंची सुरी कागदातून लोण्यातून फिरावी तशी फिरत होती. घडीच्या रेघेवर त्या आधी बोथट सुई ओढत, मग कागद आपणहून वळे. पांढरी कड दिसू नये म्हणून प्रत्येक तुकड्याच्या काठावर त्या रंगीत पेन्सिल फिरवत होत्या. इंजिन झालं, मधलं धड झालं, पंख बसले, डोकं बसलं. आपोलेनाच्या जिभेवर निदान शंभर वाक्यं येऊन परत गेली. तिने पुढ्यातल्या बाबोव्का केकचा लचका तोडला आणि तोंड कामाला लावलं.

मग कड्याची पाळी आली.

बाईंनी कडं जोडलं, वाळू दिलं आणि शेपटीकडून यानात घालायला गेल्या. जाईना. इंजिनाचा घागरा कड्यापेक्षा रुंद होता. त्यांनी यान फिरवून पाहिलं, कडं फिरवून पाहिलं, आकडा पुन्हा वाचला.

आपोलेना चघळायची थांबली. केक तोंडातच राहिला.

स्वतः बांधताना ती दर वेळी कडं आधी सरकवायची आणि मागून इंजिन लावायची. पण हे तिचे हात करायचे, डोकं नाही. कागदावर आकडे घालताना मात्र तिने तुकडे ज्या क्रमाने रचले त्याच क्रमाने आकडे घातले होते, आणि इंजिन तिचं लाडकं म्हणून तिने सगळ्यात आधी रचलं होतं. बाई आकड्यांप्रमाणे गेल्या. नियमच तो. आता घागरा नेसून झाल्यावर कमरपट्टा कुठून चढवणार?

"हं," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "असं आहे होय."

त्यांनी कडं पुढून, घुबडाच्या डोक्यावरून घातलं. ते खांद्यापर्यंत अलगद गेलं आणि पंखांपाशी अडलं. तिथे मानेवर एक करडा पट्टा होता. आपोलेनाने तो उगाच, शोभेला काढला होता. कडं त्याच्यावर असं चपखल बसलं, की जणू पट्टा त्याच्यासाठीच होता. बाईंनी गोंदाचे चार ठिपके दिले, उरलेले दोन-तीन तुकडे लावले आणि यान टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"झालं. एकही तुकडा उरला नाही," त्या समाधानाने म्हणाल्या. "सुरेख काम आहे, पोरी. ते मांजर तर फारच गोड."

लोक उठून जवळ आले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. यान दिसतही होतं छान, खोटं कशाला बोला. लोकरीचा गळपट्टा गुंडाळलेलं घुबड थंडीत बसावं तसं.

हान्झलिककाकांनी हात वर केला. चाचणीच्या शेवटी रचणाऱ्याला एकच प्रश्न विचारायची रीत होती. तेवढ्यापुरतं तोंड उघडायला परवानगी.

"आपोलेना, हे तुझंच यान आहे ना?"

हो म्हटलं की झालं. मूळ चित्र तिने डॉक्टरांना तर दाखवलेलं नव्हतंच. ज्यांना दाखवलं होतं ती मंडळी खुशीत होती, मानेचं कमरेत गेलंय की कमरेचं मानेत, कोण बघत बसलंय. सोमवारी छापखाना. आपोलेनाने केक गिळला. मग तिने ते मानेतलं कडं पुन्हा एकदा पाहिलं. ते फिरत नव्हतं. चिकटवलेलंच होतं. आणि मांजराच्या खिडकीपुढे पंख आला होता. त्या मांजराला आयुष्यभर पंखच बघावा लागला असता.

"नाही," ती म्हणाली. "माझं नाही. माझ्या यानाचा हा कमरपट्टा आहे, तो गळ्यात गेलाय. चूक डॉक्टरीणबाईंची नाही. आकडे मी उलटे घातलेत. आधी कडं, मग इंजिन असायला हवं होतं. इंजिनाचे आकडे कड्याच्या मागे नेले की होतंय."

काकांनी यान उचलून कडं बोटाने ढकलून पाहिलं.

"होतंय खरं," हान्झलिककाका सावकाश म्हणाले. "पण चाचणी पुन्हा व्हायला हवी, आणि ती उद्याच. डॉक्टरीणबाईंना आता ठाऊक झालंय, त्या नाही चालायच्या. ज्याला यातलं काहीही माहीत नाही असं माणूस आण, मी उद्या दार उघडतो."

इथेच घोडं अडलं. कारण असं माणूस गावात शिल्लकच नव्हतं. ग्रंथालयातल्या बाईंना तिने कडं का फिरतं ते दोनदा समजावलं होतं. टपालवालीला इंजिनाचं सगळं तोंडपाठ होतं. शाळेत तर शिपायालाही मांजराचं नाव ठाऊक होतं. मागून एकजण म्हणाला, "स्मशानात विचारून बघ. तिथे कदाचित कुणी राहिलं असेल."

"तिथेही जाऊन आलीय ती," दुसरा म्हणाला. "आजीच्या थडग्यावर फुलं ठेवायला गेली होती ना."

तेवढ्यात दार उघडून आपोलेनाचे बाबा आत आले, तिला घरी न्यायला. रादोवान विमा विकायचे आणि संध्याकाळी हॉकी बघायचे. हान्झलिककाकांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या रादोवान. एक सांगा, तुमची मुलगी सध्या काय बनवतेय?"

"ते कागदाचं," बाबा म्हणाले. "विमान."

"त्याचं नाव?"

"कुठलातरी पक्षी." त्यांनी मुलीकडे मदतीसाठी पाहिलं. "करकोचा?"

"आणि त्या कड्याबद्दल काय मत?"

"कुठलं कडं?"

अख्खी खोली हसून लोटपोट झाली. आपोलेनाला मात्र हसावं की रडावं कळेना. हिवाळाभर रोज रात्री जेवताना ती यांना पुश्टीकबद्दल सांगत होती, आणि हे सुपाच्या वाडग्यावरून मान हलवत, "हं, हं," म्हणत होते. इतक्या 'हं'नंतरही एकही शब्द आत गेला नव्हता तर.

"बाबा, हिवाळाभर नुसतं 'हं, हं'? तू काहीच ऐकलं नाहीस?"

बाबांचे कान लाल झाले. "ऐकलं गं. म्हणजे, आवाज ऐकला."

"अगदी कोरा माणूस," हान्झलिककाका खूश होऊन म्हणाले. "शोधूनही सापडला नसता. उद्या जेवण उरकून या."

रविवारी बाबा टेबलाशी बसले ते तोंडी परीक्षेला बसल्यासारखे. त्यांची बोटं जाड, आणि गोंद त्यांच्यावर फार माया करायचा. पहिलाच तुकडा त्यांच्या अंगठ्याला चिकटला. आपोलेनाने डोळे मिटून घेतले. पण बाबा चिवट निघाले. दोनदा त्यांनी तुकडा उलटा लावला आणि दोन्ही वेळा स्वतःच ओळखून सोडवला. हळूहळू ते पुटपुटायला लागले. "ही आत. ही बाहेर. अच्छा, म्हणून इथे खाच आहे. हुशार आहे हं कुणीतरी." ते कुणीतरी समोरच बसलंय हे बहुतेक विसरलेच होते.

कड्याचा आकडा आला. इंजिन अजून लागलेलं नव्हतं. बाबांनी कडं मागून सरकवलं, ते कमरेवर जाऊन बसलं, आणि त्यांनी नखाने हलकेच टिचकी मारली. कडं फिरलं. पिवळ्या खिडक्या एकेक करून समोरून गेल्या, आणि मांजराची आली.

बाबा थांबले. त्यांनी यान डोळ्यांजवळ धरलं.

"इथे माणसं राहतात?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "आणि मांजर?"

"हं," आपोलेना म्हणाली.

तिने तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता. सगळे हान्झलिककाकांकडे बघायला लागले. काकांनी मिशीवरून बोट फिरवलं, छताकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंकडे.

"हं हा शब्द आहे का?" त्यांनी विचारलं.

"माझ्या खुर्चीत बसून लोक तेवढंच म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यातून मला आजवर काहीही समजलेलं नाही."

"आणि यांच्या घरात हिवाळाभर तोच चालू होता," काका म्हणाले. "त्यातून कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही हे काल सिद्ध झालंय. चाचणी चालू राहील."

इंजिन थोडं तिरकं लागलं. एका पंखावर बाबांच्या अंगठ्याचा ठसा उमटला. पण शेवटचा तुकडा लागला आणि टेबलावर काहीही उरलं नाही.

"आपोलेना, हे तुझंच यान?"

"हो," ती म्हणाली. "शेपूट जरा दारू प्यायल्यासारखी आहे. पण माझंच."

कागद पाकिटात गेले. पाकीट काकांच्या पिशवीत गेलं. गाडीपाशी बाबा अजून बोटांवरचा गोंद सोलत होते.

"आता सांग," ते म्हणाले. "कोण राहतं त्यात?"

आपोलेनाने मोठा श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पण अंधारात झाडं कशी वाढवतात, हे येण्याआधीच बाबांनी विचारलं की पाणी कुठून येतं. ते सांगेपर्यंत, मांजर नेमकं कुणाचं. सिग्नलला थांबल्यावर, कडं बंद पडलं तर.

"बाबा," ती वैतागून म्हणाली, "मला बोलू दे ना जरा."